हवेचा हिशेब

पेट्रोलचा भाव पैशापर्यंत तोंडपाठ असणारी माणसे पुण्यात पुष्कळ आहेत. कोणत्या पंपावर माप चोख मिळते, टाकी सकाळी भरावी की संध्याकाळी, यावर तासभर वाद घालणारेही कमी नाहीत. पण त्या पेट्रोलबरोबर गाडी हवा किती खाते, असे विचारले तर समोरचा आपल्याकडेच संशयाने पाहू लागतो. हवा फुकट असते आणि फुकटच्या वस्तूचा हिशेब ठेवण्याची आपली पद्धत नाही.

गाडीला मात्र तो ठेवावा लागतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला हवा लागली सुमारे ११ किलो. पुण्यातल्या उन्हाळ्याच्या हवेत ११ किलो म्हणजे जवळजवळ १०,००० लिटर! दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत जेवढी हवा मावते, तेवढी साडेतीन लिटर पेट्रोलमध्ये संपते. सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन परत येईपर्यंत आपली गाडी एक अख्खी खोली पिऊन टाकते, असे म्हटले तरी चालेल.

या हवेचे माप घेणारा एक लहानसा भाग इंजिनाच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसवलेला असतो. त्याला एअर फ्लो सेन्सर म्हणतात. गॅरेजात कुणी नुसते ‘हवेचा सेन्सर’ म्हणतो, कुणी ‘एमएएफ’. आकाराने बोटभर, वजनाला नगण्य. पण वेगवान गाडी घेऊन बसलेल्या पुष्कळ हौशी मंडळींची झोप त्याने उडवली आहे. आज त्याच्याविषयी लिहायचे कारण एवढेच, की हा भाग बदलताना आपल्याकडे जे घडते ते केवळ मोटारीपुरते राहत नाही. दुखणे कळण्याआधीच औषध विकत घेण्याची आपली जुनी खोड त्यात स्पष्ट दिसते.

बशीतला चहा आणि तापलेली तार

मोटारींचे आणि या भागाचे नाते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली त्यांना कार्ब्युरेटर आठवत असेल. हवा आत ओढली जाताना तिच्या ओढीनेच पेट्रोल वर यायचे. मिश्रण बिघडले की मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, कान इंजिनाला लावायचा आणि स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवायचा. सगळा अंदाजाचा कारभार. पण त्या अंदाजामागे तीस वर्षांचा कान असायचा.

पुढे धुराचे नियम कडक होत गेले. पुण्यासह मोठ्या शहरांत एप्रिल २०१० पासून भारत स्टेज ४ आले, एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ आले. पेट्रोल मोजून देणारा संगणक गाडीत त्याआधीच येऊन बसला होता. पेट्रोल मोजून द्यायचे तर हवा मोजणे आलेच.

हवा मोजण्याचा एक मार्ग म्हणजे तिच्या वाटेत झडप ठेवायची. हवा जितकी जोरात तितकी झडप जास्त उघडणार आणि तिच्या दांड्याला जोडलेली विजेची पट्टी तो कोन सांगणार. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७३ मध्ये आणलेल्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत हीच झडप होती. त्यातला ‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, जर्मन भाषेतली हवा. ऐंशीच्या दशकातल्या पोर्शे ९११ कॅरेरासारख्या नामांकित स्पोर्ट्स कारमध्येही झडपेचेच माप होते. आजही अशी जुनी गाडी जपणाऱ्यांना त्या पट्टीवरचा कार्बनचा थर झिजला की काय होते, हे पुरते ठाऊक असते.

दुसरा मार्ग जास्त हुशारीचा. अमृततुल्यात बसून बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घातली की तो निवतो. जोरात घातली की लवकर निवतो. आता अशी कल्पना करा, की बशीखाली शेगडी आहे आणि चहा काही झाले तरी ठरलेल्या उष्णतेवर राहिला पाहिजे अशी अट आहे. मग फुंकर जितकी जोराची तितकी शेगडी मोठी करावी लागेल. शेगडीला इंधन किती लागले ते मोजले, की फुंकर किती होती ते कळले! प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार तापवून हवेच्या वाटेत ठेवायची आणि ती तितकीच तापलेली राहावी म्हणून किती वीज द्यावी लागते ते पाहायचे, हे तत्त्व तेच. या तारेच्या निवण्याचे गणित एल. व्ही. किंग या शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये मांडले होते. मोटारीत ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आले. त्या वेळच्या तारेवर धूळ बसे म्हणून गाडी बंद केल्यावर ती क्षणभर सुमारे १,००० अंशांपर्यंत लाल करून धूळ जाळून टाकण्याची सोय होती. पुढे तारेची जागा काचेच्या किंवा सिलिकॉनच्या चकतीवरच्या पातळ पापुद्र्याने घेतली. आज बहुतेक ठिकाणी असतो तो हा पापुद्रा.

तापलेल्या तारेचा मोठा गुण असा, की ती हवेचे आकारमान मोजत नाही, वजन मोजते. आपल्या भागात याला फार महत्त्व आहे. मुंबईहून निघालेली गाडी खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला येते तेव्हा साडेपाचशे मीटर वर आलेली असते. तपमान सारखे धरले तर समुद्रकाठच्या मानाने पुण्याची हवा सुमारे ६ टक्क्यांनी विरळ आणि महाबळेश्वरची १५ टक्क्यांच्या आसपास. घाटमाथ्याच्या हवेला कार्ब्युरेटर ताळ्यावर येत नसे. तारेला तो फरक आपोआप कळतो.

आपल्या मातीतल्या वेगवान गाड्या

स्पोर्ट्स कार म्हटले की इटली-जर्मनी डोळ्यांपुढे येते. पण आपल्याकडेही असे प्रयत्न झालेले आहेत. गोव्यात १९९८ च्या सुमारास सान स्टॉर्म नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी तयार झाली. तिचे इंजिन रेनोचे, १,२०० सीसीच्या आतबाहेरचे. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, श्केंड्रा नव्हे तर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना उभा राहिला आणि २००४ च्या सुमारास ऑक्टाव्हिया आरएस ही दीडशे अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल गाडी आपल्या रस्त्यांवर आली. पुण्याजवळ रांजणगावला २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो तयार होऊ लागली, तिची ताकद १४५ अश्वशक्ती. यांपैकी एकही आज नवी मिळत नाही. ज्या आहेत त्या हौशी लोकांच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली जपलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात.

आणि गाडी जुनी झाली, कंपनीने बनवणे थांबवले, की तिचा प्रत्येक भाग हा शोधमोहिमेचा विषय होतो. मग नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी होते, मुंबईला ऑपेरा हाउसच्या बाजूला फेरी होते, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे ‘एखादी ठोकलेली गाडी आली तर कळवा’ असा निरोप ठेवला जातो. या शोधात माणूस इतका गुंततो, की मुळात हा भाग खराब झाला आहे का, हा प्रश्न बाजूलाच पडतो.

माझ्या एका भाच्याचे उदाहरण सांगतो. गाडीचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. दोन लिटरचे साधे, बिनटर्बोचे पेट्रोल इंजिन, कागदोपत्री दीडशे अश्वशक्ती. हा गृहस्थ खासगी क्लासमध्ये गणित शिकवतो. आठ वर्षे पैसे साठवून त्याने ती जुनी गाडी घेतली, तेव्हा घरात त्याच्या बाजूने एकच मत होते, ते त्याचे स्वतःचे. माझी बहीण अजून त्या गाडीला ‘तुझे ते खेळणे’ म्हणते.

पावसाळा संपला आणि खेळणे रुसले. सिग्नलला थांबले की इंजिनाचा आवाज वरखाली व्हायचा, कधी गाडी बंदच पडायची. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजात स्कॅनर लावला, त्यावर कोड आला पी ०१७१. मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत निकाल दिला, ‘हवेचा सेन्सर गेला. बदलून टाका.’ अस्सल सेन्सर मिळायला तीन आठवडे लागणार होते. ‘सेम टू सेम’ दुसऱ्या दिवशी मिळत होता. साडेनऊ हजार रुपये गेले. दिवा विझला. भाच्याने पेढे आणले.

सहाव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. सिग्नलची तक्रार होती तशीच, आणि शिवाय एक नवी सुरू झाली. साताऱ्याच्या रस्त्यावर टँकरच्या पुढे जाताना त्याने गाडी दाबली आणि गाडीने दमच धरला नाही. समोरून बस, बाजूला टँकर, शेजारच्या सीटवर बायको. तो कसाबसा मागे आला. त्या रात्री बहिणीचा मला फोन आला, ‘दादा, तू तरी सांग त्याला, विकून टाक म्हणावं.’

फरकाला नऊने भाग जातो का?

इथे मला माझ्या बँकेतल्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिवसाच्या शेवटी खतावणीचा मेळ बसला नाही, की नवा कारकून पहिल्या पानापासून सगळ्या नोंदी तपासायला घेई. जुना हेडक्लार्क तसे करत नसे. तो आधी नुसता फरकाचा आकडा पाही. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठे तरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले की फरक पडतो ९००. नऊने भाग जात नसेल, पण फरकाचे बरोबर निम्मे करता येत असेल, तर त्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची. ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. चूक कुठे आहे हे फरकाची चालच सांगते. चहा निवायच्या आत त्याचा मेळ बसलेला असे.

गाडीतही असाच मेळ रोज, क्षणाक्षणाला घातला जातो. हवेचा सेन्सर संगणकाला सांगतो, एवढी हवा आत आली. संगणक त्या हिशेबाने पेट्रोल देतो. आणि सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला दुसरा एक पहारेकरी, ऑक्सिजन सेन्सर, जळून झाल्यावर सांगतो, पेट्रोल पुरले की कमी पडले. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. दोघांच्या सांगण्यात जो फरक पडतो, तेवढी दुरुस्ती संगणक करतो आणि लक्षातही ठेवतो. स्कॅनरवर ती ‘फ्युएल ट्रिम’ या नावाने टक्क्यांत दिसते. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते.

भाच्याला एका मित्राने औंधच्या आयटीआयमधून शिकून बाहेर पडलेल्या एका तरुण मेकॅनिककडे पाठवले. त्याने गाडी घेण्याआधीच सांगितले, ‘सर, तपासायचे दीड हजार होतील. काही बदललं नाही तरी होतील.’ भाच्याने मला फोन केला, ‘मामा, नुसतं बघायचे दीड हजार?’ मी म्हटले, ‘अरे, डॉक्टर नाडी बघायचे घेतोच की. दे.’

त्या मुलाने दोन आकडे लिहून घेतले. इंजिन जागेवर सुरू ठेवून ट्रिम अधिक २२ टक्के. पायाने ३,००० फेऱ्यांवर धरले तर अधिक ५. आणि तो म्हणाला, ‘जागेवरची ही तक्रार सेन्सरची नाही. कुठून तरी चोरून हवा येतेय.’

हे त्याने कसे ओळखले, ते पाहण्यासारखे आहे. जागेवर चालताना असे इंजिन सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेते. एखाद्या चिरलेल्या नळीतून सेन्सरला चुकवून आणखी ०.६ ग्रॅम आत येत असेल, तर ती चोरी झाली सुमारे २० टक्के. फेऱ्या वाढल्या, हवा १३ ग्रॅमवर गेली, तर चोरी तेवढीच राहून तिचा वाटा ५ टक्क्यांवर आला. शंभर रुपये शिल्लक असलेल्या खात्यातून वीस रुपये आकार कापला तर डोळ्यांत भरतो; हजाराच्या खात्यातून कापला तर फारसा जाणवत नाही. याउलट, सेन्सरच मळला असेल तर तो जास्त हवेच्या वेळी कमी सांगतो आणि भार वाढेल तशी ट्रिम वाढत जाते. एक फरक खाली मोठा आणि वर लहान, दुसरा खाली लहान आणि वर मोठा. हेडक्लार्कचा नऊचा नियम आणि हा नियम एकाच जातीचे.

मग त्याने हवेच्या वाटेत धूर सोडला. इंजिनातली वाफ परत आत नेणारी बोटभर जाडीची एक रबरी नळी असते. तिच्या वाकणाच्या खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथून, धुराची रेघ बाहेर आली. नळीची किंमत सहाशे रुपये.

नळी बदलल्यावर जागेवरची ट्रिम खाली आली, गाडी सिग्नलला गुमान उभी राहू लागली. पण दम अजून नव्हता. मग दोघे सकाळी लवकर बोपदेव घाटाकडे गेले. भाचा चालवायला, मेकॅनिक शेजारी स्कॅनर घेऊन. पूर्ण दाबल्यावर हवेचा आकडा ९० ग्रॅमच्या पुढे जाईना आणि चढावर ट्रिम वाढत होती. डिकीत पडलेला जुना, ‘गेलेला’ सेन्सर काढून परत बसवला. आकडा १११. जुना सेन्सर ठणठणीत होता. नव्याने साडेनऊ हजार घेऊन गाडीचा दम घालवला होता, आणि टँकरच्या बाजूला तोच आडवा आला होता.

या १११ आकड्यातही एक खुबी आहे. अश्वशक्तीच्या आकड्याला ०.८ ने गुणले की पूर्ण दाबावर सेकंदाला किती ग्रॅम हवा जायला हवी याचा ढोबळ अंदाज येतो. १५० गुणिले ०.८ म्हणजे १२०. मग १११ कमी नव्हेत का? नाहीत. बिनटर्बोच्या इंजिनाला पुण्याची विरळ हवा ६-७ टक्क्यांनी कमीच मिळणार. समुद्रकाठचा आकडा पुस्तकात पाहून पुण्यातला चांगला सेन्सर फेकून देणारेही असतात!

मग सेन्सर जातो तरी कधी?

याचा अर्थ हवेचा सेन्सर कधी बिघडतच नाही, असा नव्हे. आपल्या रस्त्यांची धूळ, वेळेवर न बदललेला एअर फिल्टर, यांनी पापुद्र्यावर थर बसतो. वेगाची हौस असणारे तेल लावलेले कापडी फिल्टर बसवतात. तेल जास्त झाले तर तेही पुढे उडून थर धरू शकते. कधी बिघाड सेन्सरमध्ये नसून त्याच्या कपलरमध्ये असतो. पिना हिरव्या पडतात, उंदीर वायर कुरतडतो.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा. आधी फिल्टर, नळ्या, क्लिपा, कपलर डोळ्यांनी पाहणे. मग वायरींत वीज नीट येते का, अर्थिंग पक्के आहे का, ते मीटरने पाहणे. मग दोन-तीन वेगांवरची ट्रिम. मग हवेचा आकडा, जागेवर आणि पूर्ण दाबावर. सेन्सरचा कपलर काढून गाडी चालवून पाहण्याचीही एक जुनी रीत आहे. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी संगणक सेन्सरचा नाद सोडून ठरावीक अंदाजाने पेट्रोल देतो. तेवढ्याने गाडी सुधारली तर सेन्सरवरचा संशय वाढतो. पण तो संशयच, पुरावा नव्हे.

मळलेला सेन्सर पुष्कळदा धुऊन सुधारतो. त्यासाठीच बनवलेला फवारा वापरावा, इंजिन थंड असताना, आणि पूर्ण वाळू द्यावा. कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा, रॉकेल, कापसाची काडी, कॉम्प्रेसरची हवा, यांतले काहीही त्या पापुद्र्याजवळ नेऊ नये. केसाच्या जाडीशी तुलना व्हावी अशी ती वस्तू आहे.

आणि हे सगळे करून सेन्सरच दोषी ठरला, तर मग निवड. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या गाडीत तो आहे का, हे पाहावे. सगळ्याच गाड्या हवा थेट मोजत नाहीत. पुष्कळ लहान टर्बो इंजिनांत आतला दाब आणि तपमान मोजून हवेचे गणित केले जाते. दुसरी गोष्ट, जुन्या सेन्सरवरचा पूर्ण पार्ट नंबर उतरवून घ्यावा, शेवटच्या अक्षरासकट. दिसायला सारखे, कपलरही सारखे, पण आतले माप वेगळे, असे सेन्सर असतात. ज्या नळकांड्यात तो बसतो त्याच्या व्यासाशी त्याचे माप बांधलेले असते. जास्त ताकदीच्या गाडीचे मोठे नळकांडे आणून बसवले तर तीच हवा संथ वाहते, सेन्सर कमी सांगतो आणि पेट्रोल कमी पडते. संगणकात तशी नोंद केल्याशिवाय ही हौस इंजिनाच्या मुळावर येते.

तिसरी गोष्ट नकलेची. खोके हुबेहूब असते, होलोग्रामही असतो. अधिकृत विक्रेत्याचे बिल, खोक्यावरचा आणि भागावरचा एकच नंबर, आणि बाजारभावाशी जुळणारी किंमत, या तीन गोष्टी पाहाव्यात. अस्सल वस्तू तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत कुणी विकत नाही. भंगारातला जुना पण अस्सल सेन्सर नव्या नकलेपेक्षा बरा ठरू शकतो. मात्र तो लावून, आकडा पाहून मगच पैसे देण्याची बोली करावी. बसवताना बाणाची दिशा हवेच्या दिशेने आहे ना, ते पाहावे, फिल्टर नवा टाकावा आणि संगणकाने लक्षात ठेवलेली जुनी दुरुस्ती पुसून घ्यावी. भाच्याचा दिवा पाच दिवस विझला तो या पुसण्यामुळेच; रोग गेला नव्हता, केसपेपर कोरा झाला होता.

चुकीच्या मापाने नुसते मायलेज जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. पेट्रोल सतत जास्त गेले तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो, आणि तो सेन्सरच्या कितीतरी पट महाग. जोरात दाबताना पेट्रोल कमी पडले तर इंजिन ठोके देते. टर्बो गाडीत प्रकरण पिस्टनपर्यंत जाते.

कशाचे पैसे द्यायचे?

पुण्याला मोटारींची राजधानी म्हणवून घ्यायला आवडते. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही मोटारींच्या तपासणीची संस्था वेताळ टेकडीवर उभी आहे. पिंपरी, आकुर्डी, चाकण, रांजणगाव ही नावे देशभर गाड्यांमुळे माहीत झाली. आणि त्याच शहरात, गल्लीतल्या गॅरेजात तपासणीचे वेगळे पैसे मागणारा मुलगा आपल्याला लुटारू वाटतो.

भागाचे साडेनऊ हजार आपण कुरकुर न करता देतो, कारण खोक्यात काहीतरी हाताला लागते. तपासणीचे दीड हजार डोळ्यांवर येतात, कारण त्यात फक्त समज असते. मग गॅरेजवाल्याने तरी काय करावे? आपण तपासणीचे पैसे देत नाही, म्हणून तो ते भागाच्या किमतीतून काढतो. आणि भाग विकायचा तर भाग बदलावा लागतो. त्यात तो दर वेळी लबाड असतो असेही नाही. कोड वाचून भाग बदलणे हीच दुरुस्ती, असे त्याला शिकवले गेले असते आणि गिऱ्हाइकाची घाई त्याला दुसरे काही करू देत नाही. बहुतेक दुकानांत पाटी असते, ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.’ चुकलेल्या अंदाजाचा खर्च कुणाच्या माथी, ते त्या पाटीवर आधीच लिहून ठेवलेले आहे.

गाडी स्पोर्ट्स कार असो की घरची साधी हॅचबॅक, पुढच्या वेळी कुणी ‘सेन्सर गेला’ म्हटले तर शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या आकड्यावरून म्हणता? तो आकडा जागेवरचा की भारावरचा? आणि दुसऱ्या कोणत्या कारणाने तो तसा येऊ शकतो, ते पाहिले का? उत्तर मिळाले तर माणूस जाणता आहे, त्याला तपासणीचे पैसे आनंदाने द्यावेत. उत्तर नाही मिळाले तर पाकीट खिशातच ठेवावे आणि दुसरे गॅरेज शोधावे.